उलट्या बाजूची पाहुणी

"मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, कापताना घाई करायची नाही," मी मोबाईलकडे बघून सांगत होते. "गळा बिघडला तर पट्टी लावून झाकता येतो. बाही बिघडली तर तोकडी करता येते. पण मुंढा बिघडला की ब्लाउज गेला. म्हणून आधी अर्धा इंच आत यायचं, मग गोल फिरायचं."

"परत सांग."

मी कात्री थांबवली. मोबाईलच्या मागे विमलवन्सं उभ्या होत्या, माझी थोरली नणंद. माझं शूटिंग त्याच करायच्या.

"काय परत सांगू, वन्सं?"

त्यांनी खिडकीतून बाहेर पिंक टाकली आणि तोंड पुसलं. "माझ्या तोंडात तंबाखू हाय, शाले. मी बोलंन कशानं?"

"परत सांग. अर्धा इंच आत."

या वेळी दोघींनी मान वळवली. आवाज दोऱ्याच्या रिळांच्या फळीवरून येत होता. तिथं वन्संचा भजनाचा छोटा स्पीकर ठेवलेला असायचा. तो दसऱ्यापासून चार्जच झालेला नव्हता. आणि आवाज माझा होता. माझाच, पण एकसंध नव्हे. 'अर्धा' एका दिवसाचा, 'इंच' दुसऱ्या दिवसाचा, 'आत' तर मला सर्दी झाली होती तेव्हाचा. माझ्या आवाजाच्या चिंध्या जोडून कुणीतरी गोधडी केली होती.

वन्सं पळाल्या नाहीत. मोबाईलही सोडला नाही. आणि मी परत सांगितलं. अर्धा इंच आत, मग गोल.

नंतर मला शंभर जणांनी विचारलं, ताई, तुम्हाला भीती नाही वाटली? आता काय सांगायचं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला कुणी 'परत सांग' म्हटलं नव्हतं. लोक 'कळलं' म्हणायचे, नाहीतर 'पुरे' म्हणायचे.

*

वाघदरी म्हणजे जत तालुक्याच्या टोकाचं गाव. पलीकडच्या टेकडीवर मोबाईलचा टॉवर, त्याच्या पलीकडे कर्नाटक. आमचे हे गलाईच्या कामाला कोइमतूरला असायचे, सोनं गाळायला. वर्षातून एकदा यायचे, जत्रेला. घरात मी आणि विधवा होऊन माहेरी परतलेल्या वन्सं. सातवी नापास झाल्यावर मी एका जुन्या ब्लाउजची शिवण उसवून शिवणकाम शिकले. कुणी शिकवलं नाही. उसवलं, बघितलं, परत जोडलं. त्याचेच व्हिडिओ करायचे. चॅनेलला चारशे बारा लोक होते. त्यात आमच्या भावकीतलेच साठ, आणि ते बघायचे नाहीत.

तो व्हिडिओ वन्संनी त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'भूत हाय का बगा.' मंडळातल्या एकीच्या सुनेने तो पुढे टाकला, आणि त्याला पाय फुटले. आठ दिवसांत तीन कोटी लोकांनी माझा मुंढा बघितला. हे वाक्य मी एकदा टीव्हीवर म्हणाले आणि का हसताहेत ते मला घरी आल्यावर कळलं.

कोरियातली पोरं 'अर्धा इंच आत'वर नाचायला लागली. 'परत सांग' लिहिलेले टी-शर्ट निघाले. एका वाहिनीने चार डॉक्टर बसवून असं सिद्ध केलं, की मी ओठ न हलवता पोटातून बोलते. माझ्या ब्लाउजला काखेत चुणी पडते म्हणून गावभर सांगत फिरणारी शेजारीण माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून गेली. सरपंच धुळाप्पा रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून दुकानासमोर उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शालनताईला ल्हानपणापास्नं वळखतो." मी त्या गावात लग्न होऊन आले होते.

मग पुण्याहून शास्त्रज्ञ आले. डॉक्टर आश्लेषा केतकर त्यांच्या प्रमुख. किडकिडीत बाई, केस पोरासारखे कापलेले, आणि कुर्त्याची डावी बाही पाठीत ओढणारी. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मॅडम, काढा, दोन मिनिटांत सोडवून देते." त्यांनी खरंच काढून दिला आणि माझा गाऊन घालून बसून राहिल्या. तेव्हापासून त्या मला आवडल्या.

त्यांनी स्पीकर पुण्याला नेला, तिथं तो मुका. परत आणून फळीवर ठेवला, तर बोलला. मी नसले तर मुका. टॉवर बंद करून बघितला, पत्रे काढून बघितले. शेवटी त्यांनी ठरवलं, खोलीत एकटी मीच असायची. बाकी सगळे बाहेर मांडवात, कानाला यंत्रं लावून. वन्संनाही बाहेर काढलं.

"मी तर पहिल्या दिसापास्नं हाय!" वन्सं भांडल्या.

"आवाजात आवाज मिसळतो, मावशी," मॅडम म्हणाल्या.

वन्संना मांडवात चहाचं काम दिलं. जगातले मोठमोठे लोक त्यांच्या हातचा चहा प्यायले आणि प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, की ते भूत त्यांना आधी दिसलं.

*

तिला फक्त माझे शब्द येत होते. म्हणून आम्ही तिला 'ती' म्हणायला लागलो. व्हिडिओत मी जे बोलले होते तेवढंच तिचं भांडार. मॅडम कागदावर प्रश्न लिहून द्यायच्या, आणि मला ते शिवणाच्या भाषेत उलटवावे लागायचे. 'तू कुठून आलीस' हे तिला कळलं नाही. मग मी विचारलं, "कोणत्या बाजूने?"

"उलट्या बाजूने," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जगातल्या सगळ्या पेपरांत ते होतं. कापडाला उलटी बाजू असते हे तिथं कुणी बघितलं नव्हतं की काय, कोण जाणे.

"किती जणी?"

"एक नग."

"माप सांग."

"लांबी नाही. रुंदी नाही. घेर आहे."

"किती घेर?"

"टेप पुरत नाही."

त्या दिवशी मांडवात दोन शास्त्रज्ञ रडले. मला रडू आलं ते वेगळ्या गोष्टीला. एका संध्याकाळी प्रश्न संपले होते, मी आपली हुकं लावत बसले होते, डोळे दुखत होते, आणि फळीवरून माझाच आवाज आला, "हात थकला की थांब."

ते मी सगळ्या बायकांना सांगायचे, व्हिडिओच्या मधेच कुठेतरी. मला कुणी म्हटलं नव्हतं. मी थांबले. हातातलं खाली ठेवलं. मग मी तिला काय काय सांगितलं ते मॅडमच्या यंत्रात आहे, पण त्यांनी ते कधी बाहेर काढलं नाही. कोइमतूरचं सांगितलं. सातवीचं सांगितलं. मूल न होण्याचं सांगितलं. प्रत्येक वेळी ती म्हणायची, परत सांग. आणि खरं सांगते, दुसऱ्यांदा सांगताना ते दुखायचं कमी.

विसाव्या दिवशी ती म्हणाली, "कापड कमी आहे."

एकविसाव्या दिवशी म्हणाली, "आतून विरलं. टाका धरत नाही."

मांडवात त्याचे मोठे मोठे अर्थ निघाले. विश्व ताणलं जातंय, असं काहीतरी. मी मॅडमना म्हटलं, "तसलं काही नाही हो. तिला बरं नाही." ज्या बाईने हजारभर जुने ब्लाउज उसवलेत तिला कळतं, की कापड विरलं की कितीही बारीक टीप मारा, शिवण राहत नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, मी काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली,

"चला. येते."

*

माझे सगळे व्हिडिओ तसेच संपायचे. टेप गळ्यात टाकायची, कापड झटकायचं आणि म्हणायचं, "चला, येते मी." आपल्यात दारातून निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? तिने नुसता शब्दच उचलला नव्हता, सूरसुद्धा उचलला होता. 'ये'वर जरा चढायचं, 'ते'वर खाली उतरून पदर सावरायचा.

मला त्याच क्षणी कळलं. हे सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू कुणी घेऊ नये.

पण बाहेर तोवर अर्ध्या जगाच्या भाषांत तो शब्द गेला होता. मी येत आहे. ती येत आहे. आरडाओरडा इतका झाला की पत्रे वाजले. दहा मिनिटांत दार उघडून मॅडम आत आल्या, मागे कलेक्टर, मागे एक कॅमेरा. मॅडम माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"शालनताई, एकच विचारते. हे निरोपाचं 'येते' आहे, की यायचं 'येते'?"

काही प्राध्यापक मंडळी म्हणे बाहेर तेच म्हणत होती. पण त्यांच्या म्हणण्याला किंमत नव्हती. ती माझ्याकडे शिकली होती. मी म्हणेन ते खरं.

फळीवर स्पीकर बारीक गुणगुणत होता. त्याची ती गुणगुण इतके दिवस, मी खोलीत असले की, अखंड चालायची, देवघरात समई असल्यासारखी. 'येते' म्हणूनही ती थांबली नव्हती. मी विचार केला, अजून आहे की ती. गेली कुठं?

निरोपाचं म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत वायरी गुंडाळल्या गेल्या असत्या. मांडव सुटला असता. फळी परत नुसती फळी झाली असती आणि मी परत चारशे बारा लोकांची शालन. पण नुसतं तेवढंही नव्हतं. तेवढंच असतं तर मला आज झोप लागली असती.

"यायचं," मी म्हटलं.

"नक्की?"

"माझा शब्द आहे, मॅडम. मला कळणार नाही होय?"

*

पुढचे नऊ दिवस गावात जे झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. माळरान सपाट केलं. हेलिपॅड झालं. सरपंचांनी स्वागत कमान उभी केली, तीवर तिचं चित्र काढायचं म्हणून पेंटरने विचारलं, दिसते कशी? सरपंच म्हणाले, "घेर दाखव." शाळेतली मुलं लेझीम बसवत होती. चाळीस हजार माणसं माळावर झोपायला आली, वर तोंड करून. कोणी आजारी आईला घेऊन आलं होतं, कोणी कोर्टाची फाईल घेऊन.

आणि आत, तासातासाला, ती म्हणायची, "चला. येते."

मी वळून दुसरंच बोलायचे. "कटोरी ब्लाउजचं परत सांगू का? तुला कटोरी आवडते ना?"

"येते."

"चुण्या राहिल्यात अजून शिकायच्या. आणि काज. काज कुठं शिकलीस तू?"

"येते."

चौथ्या दिवशी 'चला' गळून पडलं. सहाव्या दिवशी शब्दाचे धागे सुटायला लागले. 'ये' म्हणायची आणि 'ते' यायला इतका वेळ लागायचा, की मी सुई हातात धरून बसायचे. मांडवातल्या पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ दिवसेंदिवस खाली येत होती. परदेशातल्या तज्ज्ञांचं मत पडलं, की उतरायचं म्हणून ती वेग कमी करते आहे.

मला वाटायचं, बोलत राहिलं की झालं. पाहुणी उठली तरी आपण विषय काढत राहिलो की ती बसते परत. निदान दारात तरी थांबते.

नवव्या दिवशी दुपारी वन्सं माझा डबा घेऊन आल्या. जेवणाच्या वेळी मांडवातले लोक कानावरची यंत्रं काढून जेवायला जायचे, पोलीसही सावलीला बसलेले. नेहमी डबा दारात ठेवून जायच्या, त्या दिवशी आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"तोंड बघ तुझं. मढ्यावानी झालंय," त्या म्हणाल्या. "सारं जग नाचतंय आन तू—"

"ये," फळीवरून आलं. आम्ही थांबलो. आतून काहीतरी ओढून काढल्यासारखं, किती तरी वेळाने, "ते."

वन्संचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. त्यांनी तिचा आवाज तीन आठवड्यांत ऐकला नव्हता.

"किती दिस झालं असं म्हणतीया?"

"नऊ."

"आन तू काय म्हटलीस?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"दुसरं बोलते. शिवणाचं."

मग कमरेची पिशवी उघडून त्यांनी मोबाईल काढला, माझा एक जुना व्हिडिओ लावला आणि बोटाने शेवटाकडे ढकलला. पडद्यावर मी टेप गळ्यात टाकली. चला, येते मी. मी चौकटीतून बाहेर गेले. रिकामं टेबल राहिलं. आणि मोबाईलच्या मागून, अगदी जवळून, वन्संचा आवाज आला,

"ये."

मग व्हिडिओ संपला.

त्यांनी दुसरा लावला. चला, येते मी. रिकामं टेबल. "ये." तिसरा. चौथा. दोनशे सतरा व्हिडिओ होते. मी एकही शेवटपर्यंत बघितलेला नव्हता. स्वतःचं तोंड इतका वेळ कुणाला बघवतं?

"मला सवयच हाय," वन्सं हळू म्हणाल्या. "कुणी येते म्हटलं, की ये म्हणायचं. त्याबिगर पाय निघत न्हाई माणसाचा. तुझं तू शिकवलंस तिला. पुढलं माझं हुतं, आन मला तुमी च्या करायला बसीवलं." त्यांनी फळीकडे हात केला. "दारात उभी हाय ती, शाले. नऊ दिस. चप्पल पायात घालून."

"म्हटलं तर जाईल, वन्सं."

"जायचीच हाय."

"मग मी?"

तोंडातून निघून गेलं. वन्सं हसल्या नाहीत. एरवी दोन दिवस पुरवून हसल्या असत्या. त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या.

"आमच्या ह्यांना दवाखान्यात आत न्यायला लागले," त्या म्हणाल्या, "तवा त्यांनी मान वळीवली आन म्हणाले, येतो गं. आदल्या दिशी आमचं भांडान झालेलं. मी तोंड फिरवून उभी ऱ्हायले. 'या' न्हाई म्हटलं. चार दिस त्यो जीव घुटमळला. डॉक्टर म्हणायचा, मावशी, कशावर तग धरलाय कळत न्हाई. मला कळत हुतं." त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला. "तवापास्नं मी कुणालाबी 'ये' म्हणते. भाजीवाल्याला म्हणते. तुला हसू येतंय मला ठावं हाय."

मला हसू येत नव्हतं.

"मी म्हणू का?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई. पाहुणी तुझी. तूच म्हण. पर मोकळी लावू नगंस. वटी भर."

"स्पीकरची?"

"मग काय माझी?"

मी उठले. कपाटात गिऱ्हाइकाने परत न नेलेला एक खण होता, हिरवा, नारायणपेठी काठाचा. तो घडी करून फळीवर स्पीकरसमोर ठेवला. नारळ नव्हता. तांदूळ नव्हते, डब्यात शिजलेला भात होता.

"भाताची वटी भरत्यात व्हय?" वन्सं म्हणाल्या.

मग मी बटणांच्या बरणीत हात घातला आणि ओंजळभर बटणं खणावर ओतली. पांढरी, लाल, शर्टाची, फ्रॉकची, सगळी मिसळलेली. कुंकू वन्संच्या कपाळावर नव्हतं आणि माझ्या टिकलीचं काय लावणार. मापाचा लाल खडू होता. तो ओला करून स्पीकरच्या जाळीवर बोट टेकवलं. जाळी गरम होती. ताप आलेल्या पोराचं कपाळ असतं तशी.

"ये," ती म्हणाली. आणि 'ते' आलंच नाही. आम्ही वाट बघितली. पत्रा उन्हाने वाजत होता. ते आलंच नाही.

मी बोट तसंच ठेवून म्हटलं, "ये."

एवढ्या दिवसांची गुणगुण थांबली. समई शांत करताना फुंकर मारत नाहीत, वात तेलात ओढतात. तशी थांबली. बोटाखालची जाळी थंड होत गेली आणि मी बोट काढलं तेव्हा समोर नुसता भजनाचा स्पीकर होता.

*

दार ढकलून मॅडम आत आल्या. धावत आल्या होत्या, कानावरचं यंत्र गळ्यात लोंबकळत होतं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ते काढलंच नव्हतं, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी त्या काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांची नजर फळीवर गेली. खण. बटणं. लाल बोट.

पुण्याच्या असल्या, केस कापलेले असले, तरी ओटी कुणाची भरतात हे त्यांना सांगावं लागलं नाही.

बाहेर मांडवातून पळत येणारे पाय ऐकू यायला लागले. पडद्यावरची रेघ सपाट झाली होती. मॅडमनी पुढे होऊन आधी ओढणीच्या टोकाने लाल खूण पुसली. मग खण उचलला, बटणं न सांडता बरणीत ओतली, झाकण लावलं. इतक्या सावकाश केलं, की मला वाटलं, त्या आता विचारतील. त्यांनी खणाची घडी माझ्या हातात दिली.

"तुम्ही 'ये' म्हणालात," त्या म्हणाल्या. "तेवढंच ठेवते मी. बाकीचं रेकॉर्डिंग उन्हाने खराब झालं."

"मॅडम, मी तुमच्याशी खोटं—"

"बाहेर चाळीस हजार माणसं आहेत, शालनताई." त्यांनी दाराकडे बघितलं. "मी वहीत लिहिलं होतं. एकविसाव्या दिवशी. 'त्या म्हणतात, तिला बरं नाही.' लिहिलं आणि पान उलटलं."

मग दार उघडलं आणि कलेक्टर, कॅमेरे, सगळेच आत आले.

संध्याकाळी जगाने ऐकलं, की पृथ्वीवरच्या एका शिंपिणीने तिला बोलावलं आणि ती बोलणं थांबवून निघाली. ये. किती सुंदर, किती साधं, असं पेपरांनी लिहिलं. काहींनी मला शिव्या घातल्या, सगळ्या मानवजातीच्या वतीने परक्यांना घरात बोलावणारी ही कोण? लेझीमवाली मुलं तीन दिवस गणवेशात उभी होती.

मॅडम आठवड्याने पुण्याला गेल्या. दारात आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "निघते हं." दुसरा शब्द ओठावर आलेला मी बघितला.

*

याला आता अकरा वर्षं झाली. हेलिपॅडवर लोक मिरच्या वाळवतात. चॅनेल आहे अजून. कोट्यवधी लोक हळूहळू कंटाळून गेले, हजारभर बायका राहिल्या, त्यांना खरंच ब्लाउज शिवायचे असतात. पण वाट बघणारे थोडे येतातच दरवर्षी. माळावर बसतात, वर बघतात, माझ्याकडे पाणी मागतात आणि एकच विचारतात. मी म्हणते, निघालीय. खोटं नाही ते. खरं आहे असंही मला म्हणता येत नाही.

लातूरचे एक मस्के गुरुजी होते. रिटायर झाल्यावर आले ते इथंच राहिले, माझ्या दुकानासमोर खोली घेऊन. नऊ वर्षं रोज प्लॅस्टिकची खुर्ची माळावर न्यायची, रोज आणायची. मागच्या महिन्यात त्यांचा मुलगा गाडी घेऊन न्यायला आला. गुरुजींना आता चालवत नव्हतं. ते मुलाचा हात सोडवून माझ्या दाराशी आले.

"ताई, मी कधी तुम्हाला त्रास दिला नाही. एकदाच विचारतो. ती निघालीय, हे तुम्ही स्वतः ऐकलंय?"

"स्वतः ऐकलंय, गुरुजी."

"मग झालं." त्यांचा चेहरा मोकळा झाला. "लांबचा रस्ता असणार. आमची काही भेट होत नाही आता. तुमची होईल. तिला सांगा, एक मास्तर होता म्हणावं. रोज यायचा."

"सांगते."

"विसरू नका."

"नाही विसरत."

मुलाने हॉर्न वाजवला. गुरुजी खुर्ची माझ्या ओट्यावर ठेवून गेले. म्हणाले, कुणी येईल वाट बघायला, बसायला होईल.

संध्याकाळी दुकान झाडून झाल्यावर मी त्या खुर्चीत बसले. ती माळाच्या दिशेने ठेवलेली होती. मी उठले, ती फिरवली आणि दुकानाकडे तोंड करून बसले. आतली फळी दिसत होती, वरची रिळं, कडेला तो स्पीकर. वन्संनी तो परत कधी भजनाला नेला नाही.

वन्सं भांडी घासता घासता बाहेर आल्या. "काय बघतीस गं एवढं?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे बघितलं. आत गेल्या, आणि स्टूल घेऊन येऊन माझ्या शेजारी बसल्या.